रेकॉर्ड वेगळे, वहिवाट वेगळी: वेल्सच्या डोंगरमाथ्यांसाठी ओएल १२ नकाशा

ऑर्डनन्स सर्व्हे ही ब्रिटनची सरकारी मालकीची नकाशा संस्था असून १७९१ हे तिचे स्थापनावर्ष मानले जाते. तिच्या एक्सप्लोरर मालिकेतील ओएल १२ या क्रमांकाचा नकाशा वेल्समधील बानाय ब्रखाइन्योग राष्ट्रीय उद्यानाच्या पश्चिम व मध्य भागाचा आहे. त्या भागातील निर्जन डोंगरमाथ्यांवर स्वतःच्या पायांनी आणि स्वतःच्या जबाबदारीवर ज्यांना हिंडायचे आहे, त्यांनी हा नकाशा अवश्य विकत घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. गाडीतून उतरून, चार फोटो काढून परत फिरणाऱ्यांना त्याची काहीही गरज नाही.

हे उद्यान १९५७ साली घोषित झाले आणि त्याचे क्षेत्र तेराशे चौरस किलोमीटरांहून अधिक आहे. एप्रिल २०२३ पर्यंत ते ब्रेकन बीकन्स या इंग्रजी नावाने ओळखले जात होते. त्यानंतर उद्यान प्राधिकरणाने केवळ वेल्श नाव वापरण्याचे ठरवले. त्यामुळे बाजारात जुन्या नावाच्या प्रती अजूनही आढळतात. एका ऑनलाइन विक्रेत्याने संकेतस्थळावर नव्या आवृत्तीचे चित्र दाखवून आम्हाला जुनी आवृत्ती पाठवली आणि वर 'डोंगर काही हलत नाहीत' असे उत्तर दिले. डोंगर हलत नाहीत हे खरे, परंतु पायवाटांचे हक्क बदलतात, कुंपणे पडतात आणि नवी उभी राहतात. म्हणून आवृत्तीचे वर्ष पाहूनच नकाशा घ्यावा.

मी भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक होतो आणि माझी बहुतेक नोकरी अचलपूर, चांदूर बाजार व चिखलदरा तालुक्यांत गेली. मुलगी आणि जावई स्वॉन्झी येथे राहतात, आणि तेथून या उद्यानाची पश्चिम बाजू गाडीने फार दूर नाही. आपल्याकडील अनेक निवृत्त माणसे मुलांकडे परदेशी जातात आणि नातवंडे शाळेत गेली की दिवसभर खिडकीतून पाऊस पाहत बसतात. पायात बळ असलेल्या अशा मंडळींसाठी मी हे लिहीत आहे. नकाशा पाहण्याची माझी दृष्टी पर्यटकाची नाही, मोजणीदाराची आहे, हे आधीच सांगतो.

नकाशाचे प्रमाण १:२५,००० आहे, म्हणजे कागदावरील चार सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरील एक किलोमीटर आणि एक मिलिमीटर म्हणजे पंचवीस मीटर. या प्रमाणामुळे जी गोष्ट शक्य होते ती मला सर्वांत मोलाची वाटली: शेतांचे धुरे, म्हणजे बांध, दिसतात. दगडी भिंत असो, झुडपांचे कुंपण असो की तारेचे, प्रत्येक हद्द बारीक काळ्या रेषेने काढलेली आहे, आणि वावराचा आकार समोरच्या वावराशी ताडून पाहिला की आपण कोठे उभे आहोत हे दोन-तीन वावरांच्या फरकाने सांगता येते. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या १:५०,००० प्रमाणाच्या पत्रकांवर हे शक्य होत नाही. आपल्याकडे धुरा पाहायचा तर गावनकाशा काढावा लागतो, आणि गावनकाशावर डोंगराची उंची दाखवणाऱ्या समोच्च रेषा नसतात. ओएल १२ मध्ये या दोन्ही गोष्टी एकाच कागदावर आहेत. दिवाळीत मी तो घरी ओसरीवरच्या खाटेवर पसरला, तेव्हा शेजारचे निवृत्त पटवारी बराच वेळ चष्मा वर-खाली करीत राहिले आणि मग म्हणाले, "भाऊ, याच्यात तं धुरे बी दिसून रायले!"

तरीही धुऱ्यांहून मोठी गोष्ट रंगांत आहे, आणि येथे थोडे थांबावे लागेल.

मोजणीला गेलेल्या प्रत्येकाला ठाऊक असते की अभिलेखातील रेषा आणि जागेवरील वहिवाट यांच्यात अंतर असते आणि बहुतेक तंटे त्या अंतरातच जन्म घेतात. पांदण रस्ता गावनकाशावर ठळक असतो, जागेवर पाहावे तर दोन्ही बाजूंच्या वावरांनी तो गिळलेला असतो. उलट ज्या वाटेने तीन पिढ्या बैलगाड्या गेल्या तिची नोंद कोठेच सापडत नाही. मग महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १४३ खाली धुऱ्यावरून वाट मागण्यासाठी तहसीलदारांकडे अर्ज होतो. पूर्व विदर्भात निस्तार पत्रकामुळे गावाच्या काही सामाईक हक्कांची नोंद तरी मिळते, वऱ्हाडात तोही आधार क्षीण आहे. ओएल १२ ने हे दोन प्रकार एका कागदावर स्पष्टपणे वेगळे ठेवले आहेत. हिरव्या तुटक रेषा म्हणजे अभिलेख: तेथून चालण्याचा लोकांना कायदेशीर हक्क आहे, मग जागेवर वाट दिसो अथवा न दिसो. आखूड हिरव्या रेघा पायी चालणाऱ्यांसाठी असतात, तर लांब रेघांच्या वाटेवरून घोडा आणि सायकलही नेता येते. काळ्या तुटक रेषा म्हणजे वहिवाट: जागेवर वाट दिसते, परंतु तिचे नकाशावर असणे हा हक्काचा पुरावा नव्हे, असे सूचीत स्वच्छ शब्दांत छापलेले आहे. हिरव्या रेषा संस्थेने आपल्या मनाने काढलेल्या नाहीत. १९४९ च्या राष्ट्रीय उद्याने व ग्रामीण प्रवेश कायद्याखाली स्थानिक प्राधिकरणांनी हक्काच्या वाटांचे अधिकृत नकाशे तयार करून ठेवावेत असे ठरले. त्यांवरून त्या उतरवलेल्या आहेत.

तिसरा रंग फिकट पिवळा. नारिंगी-तपकिरी किनारीच्या आतील फिकट पिवळ्या पट्ट्यात वाट सोडूनही पायी कोठेही हिंडता येते. हा हक्क २००० सालच्या कायद्याने दिला आणि वेल्समध्ये तो मे २००५ पासून लागू झाला. ओएल १२ च्या मध्यभागी, मनिध दी या पश्चिमेकडील डोंगररांगेवर आणि तिच्या पूर्वेच्या फॉरेस्ट वाउर या पठारी प्रदेशावर, हा पिवळा रंग मैलोन्‌मैल पसरलेला आहे. नकाशा उघडताच डोळ्यांत भरणारी हीच गोष्ट आहे आणि उद्यानाचा खरोखर रानटी भाग कोणता हे ती शब्दांवाचून सांगते, कारण त्या पट्ट्यात घरे नाहीत, रस्ते जवळजवळ नाहीत आणि हिरव्या रेषाही विरळ आहेत. पिवळ्या रंगावर सर्व काही चालते असा मात्र अर्थ घेऊ नये. तेथे सायकल चालवण्याचा किंवा तंबू ठोकण्याचा हक्क नाही, आणि १ मार्च ते ३१ जुलै या काळात कुत्रा आखूड दोरीने बांधूनच न्यावा लागतो, कारण तो जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांच्या विणीचा काळ असतो.

ओसरीवरील बैठकीत नेमका येथेच प्रश्न आला. आमच्या गल्लीतील एका शेतकऱ्याने पिवळ्या पट्ट्यावर बोट ठेवून विचारले, "मंग हे पिवयं रान कोनाचं? सरकारचं?" बरेचसे खाजगी मालकीचे, काही संस्थांचे, आणि त्यावर आसपासच्या शेतकऱ्यांचा मेंढ्या चारण्याचा हक्क, असे सांगितल्यावर तो हसला. "म्हंजे आपल्या ई-क्लाससारखं," तो म्हणाला, "फरक येवढाच का त्यायनं अतिक्रमन करू नाई देलं." तुलना तंतोतंत नाही, कारण आपली ई-क्लास, म्हणजे गावाच्या चराईसाठी ठेवलेली जमीन, सरकारी असते, पण चराई, वाट आणि मालकी हे तीन हक्क एकाच जमिनीवर एकत्र नांदू शकतात हे त्याला माझ्याआधी कळले. विदर्भातील वाचकाला राष्ट्रीय उद्यान म्हटले की मेळघाटातील गुगामल आठवते: फाटक, जिप्सी, गाइड आणि आत गाडीतून न उतरण्याची ताकीद. वाघाच्या रानात ते योग्यच आहे. वेल्समधील राष्ट्रीय उद्यानात मात्र गावे आहेत, बाजार आहेत, शेती आहे, प्रवेशशुल्क नाही आणि फाटकही नाही. जी फाटके आहेत ती मेंढ्यांसाठी आहेत आणि ती उघडली तर पुन्हा लावायची असतात.

आता प्रत्यक्ष वापराबद्दल. मी नकाशा कसाला लावला तो ल्लानधेसांत या खेड्याच्या वरच्या बाजूने, ल्लिन अ वान वाख या तळ्याकडे जाऊन आणि तेथून कड्याच्या माथ्यावरून पूर्वेकडे चालून. सॉदे नदीच्या काठाने गाडीवाट तळ्यापर्यंत जाते. तळ्याला लहानसे धरण आहे. येथवर नकाशाची गरज जवळजवळ लागत नाही. तळ्याच्या पश्चिमेकडून चढ सुरू होतो तसे भिंती आणि कुंपणे मागे राहतात, आणि ज्या धुऱ्यांच्या भरवशावर मी खाली निश्चिंत होतो ते वर संपतात. त्या रानात शेवटची भिंत ओलांडली की पिवळा रंग लागतो, आणि मग वाचण्यासाठी उरतात त्या तीनच गोष्टी: समोच्च रेषा, ओढे आणि कडे.

कड्याची रचना नकाशावर फार चांगली उतरली आहे. ही रांग जुन्या तांबड्या वालुकाश्माची असून तिचे थर दक्षिणेकडे कललेले आहेत. म्हणून उत्तरेला सरळ तुटलेला कडा आणि दक्षिणेला हळूहळू उतरत जाणारा माळ, असा तिचा छेद आहे. नकाशावर उत्तरेच्या बाजूला तपकिरी रेषा एकमेकींना चिकटून जाड पट्टी होते, कड्याची चिन्हे येतात, आणि दक्षिणेला त्याच रेषा बोटभर अंतरावर विखुरतात. पिकुस दी या ७४९ मीटर उंचीच्या माथ्यावर धुके उतरले. हात लांब केला तर बोटे दिसत होती, त्यापुढे काही नाही. अशा वेळी डावीकडे कडा आहे हे भय आणि तोच आधार, अशी विचित्र स्थिती असते. कड्यापासून सुरक्षित अंतर राखून पूर्वेकडे चालत राहिले की जमीन एकदम खाली जाते आणि बुल्ख ब्लाइन तुर्ख ही खिंड लागते. उजवीकडे भरकटले तर मात्र उतार सौम्य असल्याने चूक कळतच नाही, आणि माणूस तुर्ख नदीच्या उगमाकडील ओसाड माळावर उतरतो. ती नदी दक्षिणेकडे जाते, आणि तिच्या काठाने मोटाररस्ता गाठायला फार लांब चालावे लागते. नकाशावर हे सर्व आधीच वाचता येत होते. खिंडीत रेषा दोन्ही बाजूंनी कंबरेसारख्या आत येतात. पायाखालचा उतार बदलला आणि होकायंत्राने पूर्व दाखवली, एवढ्यावर आमची जागा निश्चित झाली. पलीकडे वान ब्रिखाइन्योग, उंची ८०२ मीटर. वर मोजणीचा काँक्रीटचा स्तंभ आहे आणि वाऱ्यापासून आडोसा म्हणून रचलेले दगडांचे अर्धवर्तुळ. नकाशावर स्तंभासाठी निळा लहान त्रिकोण असतो, आणि तो एसएन ८२२१ या किलोमीटरच्या चौकोनात आहे.

त्या चौकोनांबद्दल एक शब्द. संपूर्ण नकाशावर एक किलोमीटर अंतराने निळसर रेषांची जाळी आहे आणि तिच्यावरून सहा अंकी संदर्भ काढला की शंभर मीटरच्या चौकोनापर्यंत जागा सांगता येते. संकटात ९९९ वर फोन करून पोलिसांकडे पर्वतीय बचाव पथक मागावे लागते, तेव्हा हाच संदर्भ उपयोगी पडतो. ही पथके स्वयंसेवकांची असतात. संदर्भ काढण्याची सवय घरी बसून करावी, वर वाऱ्यात नव्हे.

वेळेचा अंदाज हा या नकाशाचा आणखी एक गुण, आणि तो कोणत्याही माहितीपत्रकात मला आढळला नाही. स्कॉटिश गिर्यारोहक विल्यम नेस्मिथ यांनी १८९२ साली एक नियम मांडला. त्याचे आजचे रूप असे की सपाटीवर ताशी पाच किलोमीटर धरावे आणि प्रत्येक सहाशे मीटर चढासाठी एक तास वाढवावा. सहाशे मीटरला साठ मिनिटे म्हणजे दहा मीटरला एक मिनिट, आणि या नकाशावरील डोंगराळ भागात समोच्च रेषा दहा-दहा मीटर अंतराने आहेत. म्हणजे चढताना जितक्या रेषा ओलांडायच्या तितकी मिनिटे वाढवायची. तळ्यापासून पिकुस दीच्या माथ्यापर्यंत सुमारे पंचवीस रेषा आहेत. अंतराच्या वेळेत पंचवीस मिनिटे मिळवली की झाले. साठी ओलांडलेल्यांनी येणाऱ्या उत्तराची दीडपट करावी, हा माझा स्वतःचा जोडनियम समजावा.

उंचीच्या आकड्यांनी मात्र फसू नये. चिखलदरा समुद्रसपाटीपासून अकराशे मीटरच्या आसपास आहे, आणि उद्यानातील, किंबहुना संपूर्ण दक्षिण ब्रिटनमधील, सर्वांत उंच शिखर पेन अ वान अवघे ८८६ मीटर. आमच्याकडील एका तरुण शिक्षकाने हे वाचून 'म्हणजे टेकडीच की' असा शेरा मारला. परंतु चिखलदऱ्याला आपण गाडीने जातो आणि वर गेल्यावर चहा मिळतो. वेल्सच्या त्या माथ्यांवर झाड नाही, छत नाही, अटलांटिक महासागरावरून आलेला वारा या डोंगरांना धडकतो, आणि मे महिन्यातही भिजलेल्या अंगाला तो इतका झोंबतो की बोटांना बंद लावता येत नाहीत.

जो दोष मला खरोखर जाणवला तो याच माळाशी निगडित आहे, आणि तो मोजणीच्या नकाशांचा सर्वसाधारण दोष म्हणता येईल. जमीन कोठे आहे हे नकाशा अचूक सांगतो. ती पाय ठेवण्याजोगी आहे का, हे अर्धवट सांगतो. दलदलीसाठी आणि खडबडीत गवतासाठी चिन्हे आहेत, पण माळावरील ओलावा ऋतूनुसार सरकत असतो. दक्षिणेकडच्या सौम्य उतारांवर पीटचा, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या ओल्या मातीचा, जाड थर असून त्यावर गुडघ्याएवढ्या गवताचे गुंफे वाढतात. गुंफ्यावर पाय द्यावा तर तो कलंडतो आणि दोन गुंफ्यांच्या मध्ये द्यावा तर पाय पाण्यात जातो. झडीच्या दिवसांत काळ्या वावरातून चालणाऱ्यालाच त्या चालीची कल्पना येईल. असा एक किलोमीटर कागदावर चार सेंटिमीटरच दिसतो आणि नेस्मिथचा नियम तेथे साफ कोलमडतो. म्हणून नियोजन करताना ज्या उतारावर रेषा विरळ आहेत, ओढ्यांच्या बारीक निळ्या फांद्या पुष्कळ आहेत आणि काळी वाट एकही नाही, तो भाग दुप्पट वेळेचा धरावा. वाट नसण्याचे कारण बहुधा तेच असते. हे अनुमान नकाशातूनच काढता येते, फक्त ते सूचीत लिहिलेले नाही.

रांगेच्या दक्षिण कडेला चुनखडकाचा पट्टा लागतो आणि तेथे नकाशा एकाएकी वेगळा दिसू लागतो: जागोजागी 'शेक होल्स' असे बारीक अक्षरांत लिहिलेले आढळते. चुनखडक आतून विरघळून वरची जमीन खचल्याने झालेले हे खड्डे आहेत, काही घराएवढे. ओढे अचानक नाहीसे होतात, कारण पाणी जमिनीखाली जाते. ब्रिटनमधील सर्वांत खोल समजली जाणारी ओगोव फनॉन दी ही गुहा याच पट्ट्यात आहे. मेळघाटच्या काळ्या पाषाणावर आयुष्य घालवलेल्या माणसाला, निळी रेषा मध्येच का तुटली याचा उलगडा व्हायला वेळ लागतो. छपाईतील चूक असावी असे प्रथम वाटते.

पुरातन अवशेषांसाठी वेगळी अक्षरे वापरली आहेत, ही मला फार आवडलेली बारीक बाब. रोमनपूर्व आणि मध्ययुगीन अवशेष जुन्या वळणदार गॉथिक अक्षरांत आणि रोमन काळातील अवशेष निराळ्या ठशात असतात. ताउए नदीच्या उगमाजवळील केरिग दीऑन हे दगडांचे वर्तुळ आणि शेजारची मोठी शिळा मला या अक्षरांमुळेच सापडली; रस्त्यावर तिची पाटी मला दिसली नव्हती.

आता कागदाकडे. पत्रक दोन्ही बाजूंनी छापलेले असून उघडल्यावर ते मीटरभराहून लांब होते. दोन माणसांनी चार कोपरे धरल्याशिवाय वाऱ्यात ते उघडू नये. घड्या घालून हवा तो भाग वर येईल असे घरीच बसवावे आणि पारदर्शक पिशवीत घालून गळ्यात अडकवावे. साधा कागद पावसात टिकत नाही, तसा दावाही कोणी केलेला नाही. त्याच नकाशाची पाणीरोधक आवृत्ती थोड्या अधिक किमतीला मिळते आणि या प्रदेशासाठी तीच घ्यावी. सूची वेल्श आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांत असल्याने समासातील जागा दाटीवाटीची झाली आहे, आणि कड्यांच्या जागी रेषा, चिन्हे व नावे एकमेकांवर येतात. तेथे बहिर्गोल भिंग लागते. माझ्या वयाच्या वाचकांनी ते खिशात ठेवावे.

"बाबा, फोनवर आहे ना सगळं," असे मुलगी म्हणते आणि ते बरोबरही आहे. कागदी नकाशासोबत एक खरवडून काढायचा सांकेतिक क्रमांक येतो, त्यावरून तोच नकाशा फोनवर विनामूल्य उतरवून घेता येतो, आणि नेटवर्क नसतानाही आपली जागा त्यावर ठिपक्याने दिसते. धुक्यात त्या ठिपक्याचे मोल मोठे आहे. तथापि थंडीत बॅटरी झपाट्याने उतरते, ओल्या पडद्यावर बोट चालत नाही, आणि पाच इंचांच्या खिडकीतून माणसाला आपण कोठे आहोत ते कळते पण सभोवती काय आहे ते कळत नाही. फोन खिशात आणि कागद गळ्यात, असा आमच्या घरात समझोता झाला.

या उद्यानाचा आणि आपल्या विदर्भाचा एक संबंध आहे, तो येथे न सांगणे मोजणीदाराला शक्य नाही. हिंगणघाटला विल्यम लॅम्ब्टन यांची कबर आहे. हिंदुस्थानची महान त्रिकोणमितीय मोजणी त्यांनी १८०२ मध्ये मद्रासपासून सुरू केली आणि ती उत्तरेकडे नेता नेता २० जानेवारी १८२३ रोजी हिंगणघाट येथे त्यांचे निधन झाले. त्यांच्यानंतर काम हाती घेतले ते त्यांचे साहाय्यक जॉर्ज एव्हरेस्ट यांनी. आजारपण सोसत त्यांनी मोजणीच्या त्रिकोणांची ती साखळी वऱ्हाडातून पुढे सिरोंजपर्यंत नेली. त्या एव्हरेस्ट कुटुंबाची ग्वेर्नवेल ही वास्तू याच उद्यानाच्या पूर्व भागात, क्रिकहॉवेल गावाजवळ आहे. तळेगाव-हिंगणघाट रस्त्याने ये-जा करणाऱ्या किती जणांना लॅम्ब्टन माहीत असेल, सांगता येत नाही. सर्वोच्च शिखराला नाव मिळाल्याने एव्हरेस्ट सर्वांना माहीत झाले. वान ब्रिखाइन्योगवरील तो स्तंभ मात्र त्यांच्या काळातील नव्हे. तसे स्तंभ ब्रिटनमध्ये १९३६ पासून फेरत्रिकोणनासाठी, म्हणजे त्रिकोणांच्या साखळीने देशाच्या नव्या मोजणीसाठी, उभारले गेले आणि उपग्रहांनी स्थाननिश्चिती सुरू झाल्यावर त्यांचे मूळ काम संपले. आता लोक त्याला पाठ टेकून डबा खातात. मीही खाल्ला, पण थिओडोलाइट हे कोन मोजण्याचे यंत्र बसवण्याची वरची पितळी तबकडी हाताने चाचपल्यावर.

ग्वेर्नवेल ओएल १२ वर नाही. त्यासाठी पूर्व भागाचा ओएल १३ घ्यावा लागतो, आणि ब्लॅक माउंटन्स ही पूर्वेकडील रांगही त्यातच येते. पश्चिमेकडील मनिध दीचे इंग्रजी नाव ब्लॅक माउंटन, एकवचनी, असल्यामुळे दुकानात हमखास घोटाळा होतो. म्हणून नावाने न मागता क्रमांकाने मागावे.

आपल्याकडे असा नकाशा मिळतो का, असे ओसरीवर विचारण्यात आले. मेळघाटसाठी जुन्या पद्धतीच्या ५५ जी या मालेतील पत्रके आहेत, आणि २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणानंतर नागरिकांसाठी ओपन सिरीज नकाशेही निघाले. ते १:५०,००० प्रमाणाचे असून समोच्च रेषांचे अंतर साधारणपणे वीस मीटर असते. डोंगर, नाले आणि गावे यांसाठी ते विश्वासार्ह आहेत आणि आमच्या तरुणांनी वैराट, गाविलगड परिसर समजून घेण्यासाठी ते जरूर वापरावेत. परंतु कोणत्या वाटेवर लोकांचा हक्क आहे हे त्यांवर नाही, आणि वनखात्याच्या हद्दीत तो प्रश्न नकाशावर सुटणाराही नाही, तेथे परवानगीच लागते.

खरेदीबाबत शेवटचे. केवळ गाडीने फिरून प्रदेशाचा अंदाज घ्यायचा असेल तर त्याच संस्थेचा लँडरेंजर १६० हा १:५०,००० चा नकाशा पुरेसा आहे आणि वाचायला सोपा आहे, पण त्यावर शेतांचे धुरे नाहीत. पायी माथ्यावर जायचे असेल तर ओएल १२, पाणीरोधक आवृत्ती, आवृत्तीचे वर्ष तपासून, आणि सोबत साधे होकायंत्र व शिट्टी. येथून ऑनलाइन मागवल्यास टपालखर्चच जड जातो, तेव्हा तेथे पोहोचल्यावर घ्यावा; उद्यानालगतच्या गावांतील पुस्तकांच्या आणि गिर्यारोहण साहित्याच्या दुकानांत तो सहज मिळतो, आणि तेथे उलगडून, भिंगाखाली धरून पाहता येतो.